बॉल पायथन, बिअर्डेड ड्रॅगन आणि कासव: अमेरिकेतून जर्मनीला कसं न्यावं?

मृणाल_शार्लट

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची श्टुटगार्टला बदली झाली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला रुजू व्हायचंय आणि आत्ता जून संपत आलाय. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. सामान, लेकीची शाळा, व्हिसा सगळं मार्गी लागतंय. अडलंय ते घरातल्या तीन जिवांपाशी.

शेषा ही बॉल पायथन मादी. वय सहा, लांबी सव्वाचार फूट, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. याच राज्यातल्या एका ब्रीडरकडून पिल्लू असताना घेतली. पावती आहे, तिच्यावर जन्मतारीख आणि आईबापांची माहितीही आहे. भैरू हा चार वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे एक सरडा. एका कुटुंबाला तो नकोसा झाला म्हणून आमच्याकडे आला, त्याचा कागद एकही नाही. आणि टिकली, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, लाल कानपट्टीचं पाणकासव. शेजारचे आजोबा वृद्धाश्रमात गेले तेव्हा त्यांनी ते माझ्या लेकीच्या हवाली केलं. आता तिची पाठ आठ इंचांची झाली आहे. लेक अकरा वर्षांची आहे; टिकलीचं पाणी बदलण्यापासून फिल्टर धुण्यापर्यंत सगळं तीच करते.

सामान हलवणारी कंपनी म्हणते, आम्ही कुत्री-मांजरं नेतो, साप-सरडे नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या बाईंनी सुचवलं, की हे इथेच कुणाला तरी देऊन टाका आणि तिकडे गेल्यावर नवीन घ्या. मला ते ऐकवेना. माझं माहेर बत्तीस शिराळ्याच्या बाजूचं. नागाला भाऊ मानून उपास करणाऱ्या बायकांमध्ये मी वाढले. तिथे जिवंत नाग पकडून मिरवायचे ते न्यायालयाने थांबवलं, आणि ते फार बरं झालं असं मी माहेरीसुद्धा सांगते. नागाला मान द्यायचा तर आधी त्याचे हाल थांबायला हवेत. तोच हिशोब मी शेषाला लावते. सहा वर्षं सांभाळलेला जीव बदली झाली म्हणून टाकायचा नाही.

मला विचारायचंय ते असं. तिघांना कायदेशीररीत्या नेता येतं का? कागद कुठून आणि कधी सुरू करायचे? विमानात ते आमच्यासोबत असतील की वेगळे? आणि चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात त्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करायचं? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. खर्चाची तयारी आहे.

माईनकाठ

मृणालताई, मी ह्यूस्टनहून फ्रांकफुर्टला आलो तेव्हा बॉल पायथन सोबत आणला. तो आत्ता माझ्या मागच्या टेरॅरियममध्ये, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या काचेच्या पेटीत, आहे. होतं हे काम. पण तुमच्या तिघांचे तीन वेगळे रस्ते आहेत, म्हणून एकेकाचं सांगतो.

वाईट बातमी आधी. टिकलीला जर्मनीत आणता येणार नाही. युरोपीय संघाने २०१४ साली परक्या आक्रमक जातींविरुद्ध कायदा केला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याची पहिली यादी लागू झाली. त्या यादीत ट्राकेमिस स्क्रिप्टा ही अख्खी जात आहे, म्हणजे लाल कानाची, पिवळ्या पोटाची, सगळी. आणायचं नाही, पाळायचं नाही, वाढवायचं नाही, सोडायचं नाही. यादी येण्याआधीपासून ज्यांच्या घरी अशी कासवं होती त्यांना ती मरेपर्यंत बंदिस्त जागेत ठेवायची मुभा आहे, पण ती तुम्हाला लागू होत नाही. घरगुती प्राणी म्हणून परवाना काढायची वाटही नाही. लाल कानाच्या कासवांची आयात तर त्याच्याही आधी, १९९७ पासूनच थांबवलेली होती. कारण खरं आहे. लोकांनी नाण्याएवढी पिल्लं घेतली, ती ताटाएवढी झाल्यावर तळ्यात सोडली, आणि इथलं मूळचं युरोपियन पाणकासव ऊन खायच्या जागेपासून अन्नापर्यंत सगळ्यात मागे पडलं. तुमच्या लेकीला हे आजच सांगा. ऑक्टोबरमध्ये सांगितलंत तर तिला निरोपाची तयारी करायला वेळ मिळणार नाही. स्लायडरला चांगलं घर मिळायला महिने लागतात, कारण तिथल्या बचाव केंद्रांत हीच कासवं सगळ्यात जास्त असतात. आणि कुणी कितीही सांगितलं तरी तिला तिथल्या तळ्यात सोडू नका. नॉर्थ कॅरोलायनातही लाल कानाचं कासव मूळचं नाही. तिथे त्याचं पिवळ्या पोटाचं भावंड राहतं आणि दोघांचा संकर होतो.

आता शेषा. सगळे पायथन साइट्स कराराखाली येतात, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली. बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापार आणि ने-आण चालते पण परवान्यानेच. नुसत्या साइट्सच्या नियमाने निर्यात परवाना पुरला असता. युरोपीय संघ त्याहून कडक आहे, त्याला स्वतःचा आयात परवानाही लागतो आणि तो प्राणी विमानात चढण्याआधी हातात असावा लागतो. घरसामानासोबत आणलेल्या वस्तूंना जी सूट मिळते ती जिवंत प्राण्याला मिळत नाही. हे ठळक लक्षात ठेवा, कारण ‘घरचा पाळीव आहे, काही लागत नाही’ असं सांगणारे भेटतील.

निर्यात परवाना अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून मिळतो. पाळीव प्राण्यांसाठीचा अर्ज ३-२००-४६ क्रमांकाचा आहे. त्यात प्राणी कायदेशीर मार्गाने मिळाल्याचा पुरावा मागतात, आणि तुमची ती पावती इथे सोन्याची आहे. त्याशिवाय ब्रीडरकडून सहीनिशी एक पत्र घ्या: पिल्लू कधी जन्मलं, त्याच्याकडेच जन्मलं का, आईबाप कुठून आले, तुम्हाला कधी दिलं. ब्रीडर व्यवसाय बंद करतात, गाव बदलतात, म्हणून पत्राचं काम या आठवड्यातच करा. अर्जाला तीन महिने धरून चाला. परवान्याची मुदत ६ महिने असते, त्यामुळे जुलैत अर्ज केलात तर तुमचं वेळापत्रक बरोबर बसतं.

निर्यात परवान्याची प्रत जोडून आयातीचा अर्ज बॉनच्या बीएफएन या कार्यालयाकडे करायचा, म्हणजे जर्मनीच्या केंद्रीय निसर्गसंरक्षण खात्याकडे. युरोपीय नियमानुसार तिथे प्राण्याची राहायची सोय योग्य आहे हे दाखवावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा, की माणसांची आणि प्राण्यांची तारीख एकच धरू नका. नवऱ्याने पुढे यावं, घर घ्यावं, टेरॅरियम लावून तापमान स्थिर करावं, त्याचे फोटो आणि मापं अर्जाला जोडावीत. तुम्ही आणि प्राणी मागून या. घर घेताना मालकाला सापाचं स्पष्ट सांगा आणि करारात लिहून घ्या. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि धोकादायक प्राण्यांचे नियम राज्यागणिक बदलतात. बॉल पायथन बिनविषारी आणि लहान, तरी श्टुटगार्टच्या स्थानिक निसर्गसंरक्षण कार्यालयाला पत्र लिहून नोंदणीचं विचारून घ्या. उत्तर लेखी येतं, ते फाइलला लावा.

भैरूचं त्या मानाने सोपं. त्याला साइट्सचा परवाना नको, त्यामुळे जुना कागद नाही याने अडणार नाही. पण अमेरिकेतून बाहेर पडताना दोघांचीही ३-१७७ क्रमांकाची वन्यजीव घोषणा भरावी लागते, कारण त्यांच्या लेखी पिंजऱ्यात जन्मलेला ड्रॅगनसुद्धा वन्यजीवच.

आणि हे सगळं कुठल्याही विमानतळावर होत नाही. वन्यजीवांची तपासणी ठरावीक विमानतळांवर आणि बंदरांवरच होते. शार्लट त्यात नाही, अटलांटा आहे. गाडीने चार तास. निरीक्षकाला निदान ४८ तास आधी कळवायचं, आणि साइट्सच्या मूळ कागदावर त्याचा शिक्का-सही घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. शिक्का नसलेला परवाना फ्रांकफुर्टला निरुपयोगी ठरतो.

प्रवासात ते तुमच्या पायाशी नसतील. सरपटणारे प्राणी जवळपास सगळ्याच कंपन्या कार्गो म्हणून घेतात. अटलांटाहून थेट फ्रांकफुर्टचं विमान निवडा. मधे एखादा थांबा वाढला की विमानतळावर उघड्यावर थांबण्याचा वेळ आणि कागद दोन्ही वाढतात. फ्रांकफुर्टच्या कार्गो विभागात लुफ्तान्साचं ॲनिमल लाउंज आहे, २००८ पासून चालू, तिथे प्राण्यांना तापमान राखलेल्या खोल्या आहेत आणि पशुवैद्यकीय तपासणी जवळच होते. कस्टमवाले आयात परवान्याची मूळ प्रत ठेवून घेतात आणि पिवळी प्रत तुम्हाला देतात. ती पिवळी प्रत शेषा जिवंत असेपर्यंत जपायची. पुढे घर बदललं, ती कुणाला द्यावी लागली, पिल्लं झाली, प्रत्येक वेळी तोच कागद मागतात. फ्रांकफुर्टहून श्टुटगार्ट दोनशे किलोमीटर, गाडी आधी गरम करून ठेवा.

हीटर, दिवे, हीट मॅट आणू नका. तिथे १२० व्होल्ट, इथे २३०. फक्त प्लग नाही, अख्खं उपकरणच बदलायचं. इथे सगळं मिळतं. हाम शहरात टेरारिस्टिका नावाचं सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रचंड मोठं प्रदर्शन वर्षातून अनेकदा भरतं, सप्टेंबरमध्येही असतं. नवरा आधी येऊन गेला तर तिथे एकाच दिवसात सगळी खरेदी होईल.

डॉ_सरडेवाली

मी टेक्सासमध्ये पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी आणि पक्षी हेच बघते. त्याआधी शिकत असताना पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात मदतीला जायचे. वरचा कागदांचा भाग माईनकाठ यांनी नीट सांगितला आहे, मी शरीराचं लिहिते.

मृणाल, सगळ्यात पहिलं काम म्हणजे आत्ताच दोघांची तपासणी. विष्ठा तपासून घे, ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी फार आढळतात आणि प्रवासाच्या ताणाने ते उसळतात. शेषाच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत का बघ. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज किंवा तोंडात फेस असेल तर प्रवास नाही. आत्ता कळलं तर उपचाराला चार महिने आहेत. आरोग्य दाखला मात्र शेवटी घ्यायचा, विमान कंपन्या बहुधा १० दिवसांच्या आतला मागतात, आणि तो सरकारमान्य पशुवैद्याचाच लागतो. तुझा नेहमीचा डॉक्टर यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, मान्यताप्राप्त आहे का ते आजच विचार.

लोकांना वाटतं, लांबचा प्रवास आहे तर पोटभर खाऊ घालून पाठवावं. सापाच्या बाबतीत हे घातक आहे. त्याला पचवायला बाहेरची ऊब लागते. पोटात उंदीर आणि अंग थंड, अशा स्थितीत तो पोटातच सडायला लागतो किंवा साप ओकतो, आणि त्या ओकण्यातून सावरायला त्याला आठवडे लागतात. शेषाचं शेवटचं जेवण उड्डाणाच्या निदान दोन आठवडे आधी, आणि त्यानंतरही टेरॅरियमची ऊब कमी करायची नाही, म्हणजे पोट पूर्ण रिकामं होईल. पावणेदोन किलोच्या मादीला महिनाभर जेवण नसलं तरी काही होत नाही. बॉल पायथन हिवाळ्यात स्वतःहूनच महिनोन्‌महिने खात नाहीत. भैरूला दोन-तीन दिवस आधीपर्यंत किडे चालतील, पण त्या दिवसांत त्याला नेहमीसारखं कडक ऊन, म्हणजे दिव्याखाली ३८ ते ४० अंश, मिळायलाच हवं. पाणी दोघांनाही शेवटपर्यंत.

डोळे दुधाळ निळे दिसायला लागले की शेषा कात टाकण्याच्या बेतात आहे असं समज. तेव्हा कातडी नाजूक असते आणि तिला दिसत नाही. शक्य असेल तर उड्डाण आठवडाभर पुढे ढकल.

सापाला सुती पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, ती पिशवी कडक खोक्यात ठेवतात. साधा जाड अभ्राही चालतो, पण तो उलटा करून, शिवण बाहेर येईल असा. आतले सुटे दोरे खवल्यांत आणि जिभेत अडकतात. खोकं आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमावलीप्रमाणे: हवेची भोकं बाजूंना, आतून थर्मोकोलचं अस्तर, बाहेर ‘जिवंत प्राणी’ आणि वरची बाजू दाखवणाऱ्या बाणांची लेबलं, प्राण्याचं शास्त्रीय नाव आणि दोन्हीकडचे फोन नंबर. दोघांना वेगळी खोकी. भैरूच्या खोक्यात तळाला टॉवेल घट्ट बसव, त्याला नखं रोवायला काहीतरी हवं.

पोचल्यावर घाई नको. अंधारी लपायची जागा, पाणी, बरोबर तापमान, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. लेकीला हे आधी समजावून ठेव. शेषाला पहिलं जेवण आठ-दहा दिवसांनी, नेहमीपेक्षा लहान.

सिंगापूरची_उमा

मृणाल, टिकलीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे बरोबर उलटं आहे. सिंगापूरमध्ये सरपटणाऱ्यांपैकी फक्त दोनच पाळायला परवानगी आहे, लाल कानाचं स्लायडर आणि मलायन बॉक्स टर्टल. तुझी शेषा आणि भैरू इथे बेकायदेशीर ठरले असते. ऑस्ट्रेलियात पाळीव साप-सरडे-कासवं बाहेरून नेताच येत नाहीत. नॉर्वेत तर २०१७ पर्यंत हे प्राणी पाळायलाच बंदी होती, मग १९ जातींची यादी काढून तेवढ्याच मोकळ्या केल्या. ज्यांना पुढे आणखी देश बदलायचे आहेत त्यांनी नोकरी स्वीकारण्याआधीच त्या देशाची यादी बघावी असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते.

पर्वतीचा_ओंकार

विषय थोडा वेगळा, पण इथेच विचारतो. आमच्याकडे आजोबांच्या वेळपासून एक चांदण्यांचं कासव आहे, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. मी जानेवारीत कॅनडाला चाललोय, आई-बाबा थकलेत. ते कासव सोबत नेता येईल का?

माईनकाठ

ओंकार, ते स्टार कासव आहे आणि ते नेता येणार नाहीच, पण घरी ठेवणंही कायद्याने गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि त्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. साइट्सनेही २०१९ मध्ये त्याला पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात घेतलं, कारण आपल्या देशातून चोरून बाहेर जाणाऱ्या प्राण्यांत त्याचं प्रमाण भयंकर आहे. टेकडीवर नेऊन सोडू नकोस, वर्षानुवर्षं माणसाच्या हातचं खाल्लेलं कासव तिथे जगणार नाही, शिवाय रोगही पसरू शकतो. महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन कर आणि पिढीजात असल्याचं सांगून स्वतःहून सुपूर्द कर. आई-बाबांच्या नावावर ते राहू देऊ नकोस.

मृणाल_शार्लट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मला कुठेच मिळालं नव्हतं.

काल रात्री लेकीला बसवून सांगितलं. ती खूप रडली. मग तिने विचारलं, की तिकडच्या कासवांना त्रास होतो म्हणून बंदी आहे ना? मी हो म्हटलं. आज सकाळी तिने एक वही घेतली आणि टिकलीला काय आवडतं, काय चालत नाही, पाणी किती दिवसांनी बदलायचं, सगळं लिहायला बसली आहे. तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या मागच्या अंगणात कुंपण घातलेलं छोटं तळं आहे आणि त्यांच्याकडे आधीपासून एक स्लायडर आहे. त्यांना विचारलंय, त्या शनिवारी येऊन बघणार आहेत. त्या नाही म्हणाल्या तर इथल्या सरीसृपप्रेमींच्या संघटनेकडे नाव नोंदवून ठेवणार आहे.

ब्रीडरला फोन केला, ते पत्र द्यायला तयार आहेत. नवरा सप्टेंबरमध्ये घर बघायला जाणारच होता, ती तारीख हामच्या प्रदर्शनाला जोडून घेतोय.

एक प्रश्न राहिला. एका ओळखीच्यांनी सांगितलं, की साइट्सचा ‘पेट पासपोर्ट’ निघतो, तीन वर्षं चालतो, आणि मग हे आयात-निर्यातीचे दोन वेगळे परवाने लागतच नाहीत. खरं आहे का? आणि डॉक्टर, खोक्यात हीट पॅक ठेवू का?

माईनकाठ

तसं प्रमाणपत्र आहे, पण ते तुमच्यासाठी नाही. ते प्राण्याला घेऊन फिरून परत आपल्या देशात येणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेने दिलेलं असेल तर मुदत संपायच्या आत प्राणी अमेरिकेत परत यायला हवा. तुम्ही राहायला चालला आहात, म्हणून दोन परवान्यांचाच रस्ता धरा. जर्मनीत स्थिरावल्यावर नेदरलँड्स किंवा फ्रान्सला शेषाला नेलंत तर साइट्सचा नवा परवाना लागत नाही, कायदेशीर आयातीचा पुरावा जवळ असला की झालं. स्वित्झर्लंड मात्र श्टुटगार्टहून जवळ असलं तरी संघाबाहेर आहे, तिथे नेण्याआधी कागद करावे लागतील.

डॉ_सरडेवाली

हीट पॅक नको. बंद खोक्यात तो कुठे किती तापेल यावर आपला ताबा राहत नाही आणि पिशवीला चिकटला तर भाजतं. शिवाय तो हवेतला ऑक्सिजन खाऊन तापतो. बुकिंग करतानाच कंपनीकडून लेखी घे, की प्राण्यांचा कप्पा तापवलेला असेल आणि तापमान किती ठेवणार. शेषा आणि भैरू दोघांना २१ ते २७ अंश पुरेसं आहे. अटलांटाला सुपूर्द करायची वेळ शक्य तितकी उशिराची घे, आणि त्या दिवशी तिथे थंडीची लाट असेल तर सरळ पुढची तारीख माग.